पिवळ्या चौकटीतली खुर्ची

१

शीतगृहातल्या थंड खोलीचं दार उघडलं तेव्हा धाकटीचा अंगठा बटणावरून सुटत नव्हता. मुकादमाने तो ओढून वेगळा केला, तेव्हा कुठे बाहेरचा भोंगा थांबला.

आतलं हँडल बर्फाने जाम झालं होतं. आत छतापर्यंत सफरचंदांच्या पेट्या, बाहेर पडायला दुसरी वाट नाही, आणि नेमकं अशा वेळेसाठीच दाराशेजारी ते लाल बटण बसवलेलं. ते दाबून धरलं की बाहेरच्या लांब बोळात दोन टोकांना लावलेले दोन भोंगे एकदम ओरडतात. धाकटीने बटण दाबलं होतं आणि क्षणभरही सोडलं नव्हतं. बोळाच्या मध्यावर तिची थोरली जाऊ बसते, आणि भोंगा ऐकून दार उघडणं हे त्या जागेवर बसणाऱ्याचं पहिलं काम, हे तिला ठाऊक होतं. म्हणून सुरुवातीला ती घाबरलीही नाही. मग बराच वेळ कोणी आलं नाही, आणि थंडीहून वाईट असं काहीतरी तिच्या मनात शिरायला लागलं.

मुकादमाने तिला दंडाला धरून बाहेर आणलं. बोळात दुपारचा लख्ख उजेड होता. जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या चौकटीत टेबल, टेबलाशी खुर्ची, आणि खुर्चीत थोरली. पाठ दाराकडे, मान ताठ. ती पेट्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवत होती.

"अहो थोरल्या बाई," मुकादम ओरडला, "इकडे माणूस मरायला टेकलंय, बघा तरी."

थोरली अख्ख्या खुर्चीसकट वळली. धाकटीचे निळे ओठ तिने पाहिले आणि तिच्या हातातल्या पट्ट्या खाली पडल्या.

"अगं बाई, हे कधी झालं?" ती म्हणाली. "मला काहीच ऐकू आलं नाही."

त्या भोंग्याने रस्त्यापलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले होते.

२

"ऐकू आलं नाही" हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर चाललं असतं. थोरलीचे कान म्हणजे घरात चेष्टेचा विषय. शेजारच्या घरात चमचा पडला तर चहाचा की वाढायचा, हे ती इथे बसून सांगायची. तरी शीतगृहाच्या मालकाने त्याच दिवशी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, माझ्याहून बरे आहेत. हे ऐकून थोरलीचा चेहरा जेवढा उतरला तेवढा बहिरी ठरली असती तर उतरला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक घरी आला. धाकटी बोटांना पट्ट्या बांधून, शाल गुंडाळून बसली होती.

"कामावरून तर त्या गेल्याच," मालक म्हणाला. "पोलिसांत द्यायचं की नाही, ते तुमच्या शब्दावर. माझा माणूस माझ्या छपराखाली मेला असता. तुम्ही फक्त हो म्हणा. आज संध्याकाळपर्यंत सांगा."

धाकटीने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचं तिलाच कळलं नाही.

कारण काय असेल, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. ते सगळ्या शीतगृहाला पाठ होतं. थोरलीचं टेबल पूर्वी बोळाच्या टोकाला, खिडकीशी होतं. तिथे ऊन यायचं. धाकटीकडे सुरक्षेचं काम आलं तेव्हा तिने पहिला शेरा मारला की एका टोकाला बसलं तर दुसऱ्या टोकाचा भोंगा नीट ऐकू येत नाही, टेबल मध्यावर हवं. मुकादमाने टेप लावून मध्य काढला, चौकट रंगवली, आणि थोरलीचं ऊन गेलं. बोळाच्या गार झोतात बसून तिची मान धरली, गळ्याला पट्टा आला. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकाच स्वयंपाकघरात उभ्या राहून एक कुकरला सांगायची, "कोणीतरी गॅस बारीक करा," आणि दुसरी तव्याला उत्तर द्यायची, "केलाय." घरोघरी मातीच्या चुली, म्हणून घरातले पुरुष हसून सोडून देत होते.

आता कोणी हसत नव्हतं. धाकटीचा नवरा सकाळपासून वेगळ्या खोल्यांसाठी फोन करत होता. भिंतीपलीकडे थोरली आपल्या खोलीत बसून होती आणि तिच्या खोलीतून आवाज म्हणून येत नव्हता.

धाकटीला खोल्या नको होत्या आणि पोलीसही नको होते. तिला एकच हवं होतं. आपण मरावं असं या बाईला खरंच वाटलं होतं का, एवढंच कोणीतरी सांगावं. त्याच्याशिवाय तिला इथे झोप लागणार नव्हती आणि दुसरीकडे कुठेही लागणार नव्हती.

तेवढ्यात दारात आत्या उभी राहिली. दोघी जावांच्या नवऱ्यांची ही आत्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. घरात तिचं नाव 'कशावरून आत्या'. लग्न ठरलं म्हटलं तरी ती आधी विचारायची, कशावरून? चपला काढता काढता तिने भाच्याकडून, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याकडून, सगळी हकीकत ऐकली.

"थोरलीने मुद्दाम केलं," भाचा म्हणाला.

"कशावरून?" आत्या म्हणाली, आणि पुन्हा चपला घातल्या. "धाकटे, चालवतंय ना तुला? चल, जरा तुझ्या कामावर जाऊन येऊ."

३

शीतगृहाचा बोळ लांबट, उघडाबोडका, दोन्ही बाजूंना सारखाच. एका टोकाला खिडकी आणि वजनकाट्याची काचेची खोली, दुसऱ्या टोकाला भिंत. दोन्ही टोकांना वर एकेक भोंगा, एकमेकांकडे तोंड करून. थोरलीची खुर्ची खिडकीच्या टोकाकडे तोंड करून होती. थंड खोलीचं दार तिच्या पाठीमागे राहायचं. पंख्यांची घरघर सतत चालूच.

मुकादम तयारीतच होता. "बाई, मी स्पष्ट बोलतो. मी बाहेर ट्रकपाशी होतो, इंजिन चालू होतं. ते बंद केलं तेव्हा भोंगा कानावर आला. मी खिडकीकडच्या दाराने आत पळत सुटलो. तर भोंगा गचके खात होता."

"म्हणजे कसा?"

"मोठा, बारीक, मोठा, बारीक. आणि यांच्या टेबलापाशी आलो तर ठार बंद. दोन पावलं पुढे गेलो की पुन्हा सुरू. त्याचा खटका टेबलाच्या कडेलाच आहे, बघा. यांनीच बंद केला आणि मला बघून घाबरून पुन्हा लावला. दुसरं काय असणार?"

धाकटीने त्या खटक्याकडे पाहिलं. हे तिने आधी ऐकलं नव्हतं.

"आणि कमाल सांगतो," मुकादम म्हणाला. "मी जिवाच्या आकांताने पळतोय, आणि या मला विचारतात, 'मुकादम, एवढी कसली घाई?' किती तो थंडपणा."

"ओरडून विचारलं?" आत्याने विचारलं.

"छे. आता तुम्ही बोलताय तसं."

"आणि तुम्हाला ते ऐकू आलं."

"आलं म्हणून तर सांगतोय."

"ऐकू आलं," आत्या स्वतःशीच म्हणाली, आणि टेबलाला वळसा घालून काचेच्या खोलीकडे निघाली.

खोलीत वजनकाट्यावरचा म्हातारा बसला होता. त्याला सगळे काटेकाका म्हणायचे. त्याने धाकटीच्या बोटांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"भोंगा मी पहिल्यापासून ऐकला," तो म्हणाला. "लपवत नाही. खिडकीकडचा जुना भोंगा चिरकला होता, तो गेल्या महिन्यात वायरमनने बदलला. तेव्हापासून आवाज खणखणीत येतो. पण समोर थोरल्या बाई निवांत काम करताना दिसत होत्या. मला वाटलं महिन्याची चाचणी चालू असेल. ज्याचं काम त्याने करावं, आपण कशाला मधे नाक खुपसायचं? त्यावरून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, बाई."

"भोंगा मधे थांबला का?"

"अजिबात नाही. एकसारखा चालू होता, सूतभरही तुटला नाही."

"आणि थोरलीचे हात?"

"पेटीवर. दोन्ही. एकदा पट्टी खाली पडली ती पुढे वाकून उचलली, एवढंच. खटक्याला हात लावला नाही. मुकादम येईपर्यंत मी तिकडेच बघत होतो."

"धाकटे," आत्या वळली, "तू अंगठा सोडला होतास का? जरा वेळ तरी?"

"नाही आत्या. सोडायची हिंमतच नव्हती."

मालक तेवढ्यात आपल्या खोलीतून बाहेर आला. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि मग धाकटीकडे.

बाहेर पडल्यावर तिने आत्याची बाही धरली. "काका म्हणतात भोंगा एकसारखा होता. मुकादम म्हणतात तुटत होता. आणि ताई म्हणतात नव्हताच. म्हणजे या तिघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय."

"किंवा तिघंही खरं बोलताहेत," आत्या म्हणाली. "आणि तसं असेल तर फार मजेचं आहे."

धाकटीला त्यात मजा कुठे आहे ते दिसेना.

४

थोरलीची खोली आतून बंद नव्हती, नुसती लोटलेली होती. आत्या आत गेली. धाकटी दाराशीच थांबली. आत जायला पाय उचलत नव्हता आणि निघून जायलाही.

थोरली पलंगाच्या कडेला बसली होती. गळ्यात तो पांढरा पट्टा. मुकादमापासून सगळे त्याला तिचा ताठा म्हणायचे, आणि तसं म्हणण्यात धाकटीही मागे नव्हती.

"सांग काय झालं ते," आत्या म्हणाली.

"काय सांगू? पट्ट्या लावत बसले होते. पंख्यांची घरघर होती, रोज असते तशी. मुकादम पळत आले, मी विचारलं कसली घाई. मान वळत नाही म्हणून मागे बघितलं नाही. मग ते ओरडले."

"बाकी काहीच आवाज नाही?"

थोरलीने डोळे मिटून आठवून पाहिलं. "एकदा पट्टी पडली. ती उचलायला पुढे वाकले तेव्हा लांबून काहीतरी घुमल्यासारखं वाटलं. सरळ बसले तर गेलं. म्हटलं बाहेर ट्रक असेल."

"वाकल्यावर आलं आणि बसल्यावर गेलं?"

"हो. पण आत्या, खरं सांगू का?" थोरलीने गळ्यातला पट्टा चाचपला. "मला माझीच खात्री राहिली नाही. कान चांगले आहेत, डॉक्टर म्हणतात. भोंगा वाजत होता, सगळं गाव म्हणतं. मग तो माझ्या कानात शिरलाच असणार ना? मला तिचा राग होता, आत्या. उन्हातून उठवलं म्हणून होता, एवढ्याशा गोष्टीवरून. कदाचित कानांनी ऐकलं असेल आणि मनाने म्हटलं असेल, राहू दे. असं होतं का हो? माणूस स्वतःच्याही नकळत एवढं वाईट असू शकतं का?"

दाराशी उभ्या असलेल्या धाकटीला रडू आलं. या बाईने एवढंच सांगायचं होतं की मी काही केलं नाही, आणि ती तेवढंही सांगू शकत नव्हती.

"मनाचं मला काही कळत नाही," आत्या म्हणाली. "माझा विषय लाटा. तुझ्या घरात कपडे वाळत घालायची दोरी आहे का?"

५

दोरीचं एक टोक आत्याने मागच्या अंगणातल्या खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं भाच्याच्या हातात दिलं. भाचा कानाला फोन लावून खोल्यांची चौकशी करत होता. आत्याने फोन काढून खिशात ठेवायला लावला.

"हलव. वर-खाली. लयीत."

भाचा हलवू लागला. आधी दोरी नुसती वेड्यासारखी नाचली. मग आत्या म्हणाली, "जरा जोरात, अजून थोडं," आणि एका वेगाला दोरी एकदम शहाणी झाली. तिचे दोन फुगे झाले. एक वर गेला की दुसरा खाली. मध्यावर मात्र एक जागा अशी की दोरी तिथे हलतच नव्हती. आत्याने त्या जागी कपड्याचा चिमटा लावला. दोन्ही बाजूंनी दोरी उसळत होती आणि चिमटा मधे गप्प बसून होता. दुसरा चिमटा तिने फुग्यावर लावला, तो उडून फुलझाडात पडला.

"तुझ्या हातातून लाट निघते," आत्या म्हणाली, "गजावर आपटून परत येते. जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी दोघींची बेरीज होते, तिथे दोरी डबल उडते. काही ठिकाणी एक वर ओढते तेव्हा दुसरी खाली, तिथे शून्य. ती लाट जागची हलत नाही, म्हणून तिचं नाव स्थिर लहर. आणि तो शून्याचा ठिपका म्हणजे निस्पंद. मी वर्षानुवर्षं हे पोरांना शिकवते, आणि पोरं परीक्षेत लिहून विसरून जातात."

"पण ताई चिमटा नाहीत," धाकटी म्हणाली.

"कशावरून?" आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

भाच्याचा हात थांबला. दोरी लोंबली.

"आवाज म्हणजे हवेतली लाटच," आत्या म्हणाली. "एक दाट, एक विरळ, अशी पुढे जाते. कानाला कळतो तो हवेच्या दाबाचा चढउतार. आता बोळात दोन भोंगे समोरासमोर. विजेच्या एकाच डब्यातून दोघांना एकच सूर. मग बोळाभर दोरीसारखेच फुगे आणि ठिपके. काटेकाका एका जागी बसून होते, त्यांना एकसारखा आवाज. मुकादम पळत होता, फुगा, ठिपका, फुगा, ठिपका. त्याला वाटलं भोंगा गचके खातोय. गचके तो स्वतः खात होता."

"आणि टेबलापाशी बंद पडला तो?"

"तिथे सगळ्यात मोठा ठिपका असला पाहिजे. त्या गदारोळात थोरलीचं साधं बोलणं मुकादमाला ऐकू आलं, हे तुला खटकलं नाही? भोंगा वाजताना कोणाचं बोलणं ऐकू येतं? जिथे भोंगा नाही तिथेच."

धाकटी खाली पायरीवर बसली.

"पण मध्यावर तर आवाज जास्त यायला हवा," ती म्हणाली. "दोन्ही भोंगे सारख्याच अंतरावर. म्हणून तर टेबल तिथे आणलं."

"शाबास. यायलाच हवा, दोन्ही भोंगे एका वेळी हवा ढकलत असतील तर. पण एक ढकलत असेल तेव्हा दुसरा ओढत असेल, तर एकाची दाट हवा आणि दुसऱ्याची विरळ बरोबर मध्यावर एकाच क्षणी येऊन भेटतात. बेरीज शून्य. मध्य जितका नेमका, तितकं शून्य पक्कं." तिने भाच्याकडे हात केला. "आता तो फोन काढ. खोल्या राहू देत. वायरमनला लाव. नव्या भोंग्याच्या तारा उलट्या लागल्या असतील, तर तो ढकलायच्या वेळी ओढतो."

आत्याने वायरमनला दोनच प्रश्न विचारले. नव्या भोंग्याच्या दोन तारा कोणत्या रंगाच्या होत्या? दोन्ही काळ्या, तो म्हणाला. कोणती कुठे जोडली? जी हाताला आली ती, बाई. भोंगा वाजला ना, मग काय फरक पडतो?

"काही नाही रे," आत्या म्हणाली. "फक्त एका बाईचा संसार."

६

संध्याकाळी बोळात सगळे जमले. मालक हाताची घडी घालून उभा होता. काटेकाका आपल्या खोलीतून बाहेर आले होते, वायरमन शिडी घेऊन आला होता. थोरलीला आत्यानेच ओढत आणलं होतं, ती भिंतीला टेकून उभी होती आणि कोणाकडे बघत नव्हती.

"तुम्ही मला आवाजाची गणितं सांगू नका," मालक म्हणाला. "दर महिन्याला भोंग्याची चाचणी होते. कधी तक्रार आली नाही."

"चाचणी कोण घेतं?"

"याच घेतात. थोरल्या बाई."

"कुठे उभं राहून?"

मालकाने दाराकडे बोट केलं. "बटणापाशी. दार उघडून, हात आत घालून दाबतात."

"म्हणजे खुर्ची रिकामी ठेवून," आत्या म्हणाली. "ज्या जागेसाठी भोंगा, त्या जागेवर बसून तो आजवर कोणी ऐकलाच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता कोणीतरी बसा तिथे."

कोणी हललं नाही. मग धाकटी पुढे झाली. मालकाला सांगायचा शब्द तिचा होता, तेव्हा ऐकायचंही तिनेच. ती पिवळ्या चौकटीत शिरली, खुर्चीत बसली, थोरली बसायची तशी खिडकीकडे तोंड करून, मान ताठ ठेवून. आत्याने मागे मुकादमाला खूण केली.

मुकादमाने बटण दाबलं.

धाकटीला समोर दिसलं की काटेकाकांनी कानांवर हात ठेवले. मालकाचा चेहरा आवळला. शिडीवरचा वायरमन दचकला. आणि तिला पंख्यांची घरघर ऐकू येत होती. स्वतःच्या शालीची सळसळ ऐकू येत होती. खूप लांब कुठेतरी काहीतरी पुटपुटत होतं, एवढंच. ती वाट बघत राहिली. भोंगा अजून सुरू व्हायचाय असंच तिला वाटत होतं.

"दाबा ना," ती म्हणाली.

"दाबलंय," आत्या तिच्या शेजारी येऊन साध्या आवाजात म्हणाली. "आता पुढे वाक."

ती पट्टी उचलायला वाकावं तशी वाकली आणि भोंगा तिच्या कानांवर कोसळला. ती सरळ झाली, तो गेला. पुन्हा वाकली, आला. तिने हे किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी ती सरळ बसून राहिली, त्या शांततेत, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते थांबवावं असं तिला वाटलं नाही. आतमध्ये बटण दाबून ज्या प्रश्नाशी ती एकटी उभी होती, त्याचं उत्तर हे होतं. ताईंना खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

मालक स्वतः येऊन खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. मग थोरलीसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, मी तुम्हाला काय काय बोललो," तो म्हणाला. "माझं चुकलं. उद्यापासून कामावर या."

"मीही बोललो," मुकादम मागून पुटपुटला. "दहा जणांत बोललो. आता दहा जणांत परत सांगतो."

वायरमनने शिडीवर चढून नव्या भोंग्याच्या दोन काळ्या तारांची अदलाबदल केली, आणि तो म्हणाला, "एवढंच होतं होय." आत्याने वर बघितलं तेव्हा त्याने पुढचं गिळलं.

"एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात," आत्या म्हणाली. "इथे दोन हात होते म्हणून वाजली नाही."

धाकटी थोरलीपाशी गेली. कितीतरी महिन्यांनी ती कुकरशी किंवा तव्याशी न बोलता थेट तिच्याशी बोलणार होती.

"ताई, टेबल तिथे मीच आणवलं होतं," ती म्हणाली. "बरोबर मध्यावर हवं म्हणून हट्ट धरला. दोन बोटं इकडेतिकडे चाललं असतं का, असंही कोणी विचारलं होतं."

"मी विचारलं होतं," थोरली म्हणाली.

"आणि मी नाही म्हटलं."

"तू तोंडाने नाही म्हटलं नाहीस. मुकादमांकडून कळवलंस."

धाकटीला हसू आलं आणि हुंदकाही आला. थोरलीने तिचे पट्ट्या बांधलेले हात आपल्या हातांत घेतले, बोटं एकेक करून बघितली, आणि मग तिचाही बांध फुटला. "मला वाटलं मीच तुला मारायला निघाले होते," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "देवा, मी नव्हते गं. मी नव्हते." मानेचा पट्टा असल्यामुळे तिला धाकटीला धड मिठीही मारता येईना, तेव्हा धाकटीनेच पुढे होऊन मारली. काटेकाका चष्मा पुसायला लागले. भाच्याने खिशातला फोन काढला आणि खोल्यांसाठी आलेला फोन न उचलता कापला.

"टेबल परत खिडकीशी न्या," मालक म्हणाला.

"कशावरून?" आत्या म्हणाली. "आधी बसून ऐकू दे तिला. मग जिथे ऊन आणि भोंगा दोन्ही मिळेल तिथे न्या."

म्हणून थोरली पिवळ्या चौकटीत जाऊन बसली, खिडकीकडे तोंड, मान ताठ. धाकटी मागे दारापाशी गेली. अंगठ्याला पट्टी होती, तरी बटण तिने स्वतःच दाबलं.

दोन्ही भोंगे मिळून बोळाच्या मध्यावर असे ओरडले की थोरली खुर्चीतून उडाली. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि हसत, रडत, खुर्चीसकट वळून ओरडली, "ऐकू आलं गं, ऐकू आलं, सोड आता तो अंगठा."

धाकटीला दिसत होतं ती काय म्हणते आहे ते. तरी आणखी थोडा वेळ तिने तो सोडला नाही.